यादी खालून लिहायला घ्या

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांमध्ये ऑगस्टच्या अखेरीला एक यादी तयार व्हायला लागते. मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात गेलेलं असतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो आणि कॉलेजांची नावं लिहिली जातात, ती वरून. स्टॅनफर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन, कार्नेगी मेलन, बर्कली. मग जरा विचार करून आणखी चार-पाच. शेवटी 'सेफ्टी'च्या रकान्यात घाईघाईनं एखादं नाव पडतं, आणि त्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं, "असू दे आपलं एक. तिथे थोडंच जायचंय?"

पालकहो, मला आज तुमच्याशी त्या शेवटच्या नावाबद्दलच बोलायचं आहे. मी इथल्या मराठी शाळेतल्या मुलांचे अर्जाचे निबंध वाचून देते, त्यामुळे दर वर्षी अशा याद्या माझ्यासमोर येतात. माझं सांगणं एवढंच, की ही यादी खालून लिहायला घ्या. जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे, जिथला खर्च झेपणार आहे आणि जिथे आपलं मूल मजेत चार वर्षं राहील, असं कॉलेज सगळ्यात आधी शोधा. त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. वरची नावं कुणी सुचवावी लागत नाहीत, ती सगळ्यांना पाठच असतात.

त्या खालच्या नावाला आपण इतकं हलकं का लेखतो? मला वाटतं, याचं मूळ आपल्या बारावीत आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात सायन्सला असलेल्या प्रत्येकानं पीसीएमची बेरीज करून पाहिली आहे. सीओईपीला मेकॅनिकल कितीला बंद झालं, व्हीजेटीआयला इलेक्ट्रॉनिक्स कितीला, वालचंदला काय, हे तोंडपाठ असायचं. १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली, १९९३ नंतर 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' हे शब्द घरोघरी रुळले, आणि त्यासोबत एक उतरंडही मनात पक्की बसली. सरकारी कॉलेजात गेला तो हुशार, बाकीचे 'डोनेशनवाले'. नातेवाईक पेढे घेतानासुद्धा कॉलेजचं नाव ऐकून चेहरा बदलायचे. आपण देश बदलला, पण तो चेहरा आपल्याबरोबर आला आहे, आणि आपलं मूल तो ओळखतं. 'सेफ्टी' म्हणताना आपला सूर कसा पडतो, ते त्याला बरोबर ऐकू येतं.

त्या पद्धतीत एक मोठी सोय होती. गुण हातात आले, की आपण कुठे बसतो हे साधारण कळायचं. इथे तसं नाही, आणि ही गोष्ट आपल्या पिढीच्या गळी उतरायला फार वेळ लागतो. २०२४ च्या वसंतात हार्वर्डकडे ५४ हजार अर्ज होते आणि प्रवेश मिळाला १,९३७ मुलांना. नाकारलेल्यांत उत्तम गुणांची मुलं हजारोंनी होती. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर एसएटीचे गुण पाहतच नाही, मग ते १५८० असोत की ११००. "आमच्या मुलाचे मार्क बघता अमुक कॉलेज सेफ्टीच म्हणायचं" हे वाक्य म्हणून धोक्याचं आहे. जे कॉलेज दहातल्या आठ-नऊ जणांना परत पाठवतं, ते कुणाचीच सेफ्टी नसतं. व्हॅलेडिक्टोरियनचीही नाही.

"मग अशा दहा ठिकाणी अर्ज करू, एखाद्याचं तरी लागेल," असं बरेच बाबा म्हणतात. कॉमन ॲपवर वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो, त्यामुळे मोहही होतो. पण ते दहा अर्ज एकमेकांपासून वेगळे नसतात. तेच गुणपत्रक, त्याच शिक्षकांची पत्रं, तोच मुख्य निबंध, तेच उपक्रम. एका ठिकाणी वाचणाऱ्याला जे उणं वाटलं, ते दुसऱ्या ठिकाणीही बहुधा उणंच वाटतं. शिवाय प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध लिहिता लिहिता मूल डिसेंबरपर्यंत इतकं दमतं, की शेवटचे चार निबंध कुणीही कुणालाही लिहावेत तसे होतात. ते वाचताना मला खरंच वाईट वाटतं, कारण सप्टेंबरमध्ये त्याच मुलानं किती जीव ओतून लिहिलेलं असतं ते मी पाहिलेलं असतं.

आता सर्वांत जास्त फसगत होते ती जागा. विद्यापीठ वेगळं आणि शाखा वेगळी.

मागे एका मुलीची यादी पाहत होते. राहायला न्यू जर्सीत, शाखा कम्प्युटर सायन्स, आणि सेफ्टीच्या रकान्यात सिअॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ. तिच्या बाबांनी नेटवर पाहिलं होतं, तिथे शंभरातल्या चाळीसेक जणांना प्रवेश मिळतो. ते खरंही होतं. पण तो आकडा सबंध विद्यापीठाचा. तिथल्या ॲलन स्कूलमध्ये, म्हणजे कम्प्युटर सायन्सला, राज्याबाहेरच्या मुलांना थेट प्रवेश मिळण्याचं प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी आहे. म्हणजे तिच्यासाठी ते कॉलेज तिच्या यादीतल्या सर्वांत अवघड नावांपैकी एक होतं. इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनचंही असंच आहे. विद्यापीठ पुष्कळांना घेतं, कम्प्युटर सायन्स मोजक्यांना. "आधी दुसऱ्या शाखेत शिरू, मग बदलू" ही आपली जुनी युक्ती या ठिकाणी चालेल असं धरून बसू नका. अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांनी ते दार जवळजवळ लावून घेतलं आहे.

टेक्ससमध्ये राहणाऱ्यांची कथा निराळी. तिथे १९९७ च्या कायद्यानं वर्गातल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनला गर्दी इतकी झाली, की तिथली मर्यादा खाली येत येत आता पाच टक्क्यांवर आली आहे. पण आपोआप मिळतो तो विद्यापीठात प्रवेश. इंजिनिअरिंग किंवा कम्प्युटर सायन्स मिळेल याची हमी त्यात नाही. टेक्सस ए अँड एमला इंजिनिअरिंग मिळालं तरी नेमकी शाखा पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरते. हे घरातल्या सगळ्यांना ऑक्टोबरमध्ये माहीत असलेलं बरं, एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही.

हे आकडे कुठे बघायचे? विद्यापीठाच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' असं लिहून शोधा. साधं, रुक्ष पीडीएफ उघडेल. त्यातला 'सी' विभाग मुलासोबत बसून वाचा. किती अर्ज आले, किती जणांना घेतलं, हे सुरुवातीलाच असतं. 'सी-७' या तक्त्यात कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते एकेका ओळीत दिलेलं असतं: गुण, अभ्यासक्रम किती कठीण घेतला, निबंध, शिफारस, आणि अगदी खाली 'अर्जदाराला कितपत रस आहे' हीसुद्धा एक ओळ. 'सी-९' मध्ये प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांच्या एसएटीचा पट्टा असतो. आपलं मूल त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाच्या पलीकडे असेल, कॉलेज निम्म्याहून जास्त अर्जदारांना घेत असेल आणि हवी ती शाखा वेगळी राखून ठेवलेली नसेल, तरच मी त्याला सेफ्टी म्हणते. शाखेचे आकडे या पीडीएफमध्ये नसतात. ते विभागाच्या पानावर मिळाले तर ठीक, नाहीतर प्रवेश कार्यालयाला सरळ ईमेल करा. ईमेल मुलानंच करावी.

रस असल्याच्या त्या ओळीबद्दल थोडं. काही कॉलेजं फार वरच्या गुणांचा अर्ज आला आणि त्या मुलानं ना कॅम्पस पाहिला, ना माहितीसत्राला हजेरी लावली, ना 'आमचंच कॉलेज का' या निबंधात काही नेमकं लिहिलं, तर सरळ प्रतीक्षायादीत टाकतात. त्यांना कळतं, की हा येणार नाही. आपण ज्याला खात्रीचं समजून दुर्लक्षित ठेवलं, तेच हातचं जातं, आणि याचा धक्का वरच्या दहा नकारांपेक्षा मोठा असतो.

मग खरोखर खात्रीची जागा कोणती? जिथे नियम लिहून ठेवलेला आहे किंवा निकाल लवकर लागतो, अशी. ॲरिझोना स्टेटसारखी विद्यापीठं प्रवेशाचे किमान निकष जाहीर करतात, ते पूर्ण केले की विद्यापीठाचं दार उघडं. पिट्सबर्गसारखी काही विद्यापीठं अर्ज येतील तसतसे निकाल देत जातात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज गेला, तर थँक्सगिव्हिंगच्या आसपास एक 'हो' हातात असण्याची चांगली शक्यता असते. त्या एका 'हो'चा परिणाम मी पाहिला आहे. उरलेले निबंध मूल मोकळ्या मनानं लिहितं, आणि ते उतरतातही चांगले.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, राज्यातल्या वरच्या नऊ टक्क्यांत बसणाऱ्या मुलाला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, अर्ज केलेल्या एकाही कॅम्पसनं घेतलं नाही, तर जिथे जागा असेल त्या कॅम्पसवर प्रवेश देऊ करतात. बहुतेकदा ते मर्सेड असतं. बे एरियातल्या मराठी घरांत मर्सेडचं नाव काढलं की चेहरे पडतात. २००५ मध्ये सुरू झालेलं ते कॅम्पस वीस वर्षांत देशातल्या पहिल्या प्रतीच्या संशोधन विद्यापीठांत जाऊन बसलं, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नव्या कॅम्पसवर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत शिरकाव मिळू शकतो, याचा विचार करा. आणि बे एरियाकर हो, सॅन होजे स्टेटला डोळे मिटून सेफ्टी म्हणू नका. तिथे कम्प्युटर सायन्सला गर्दी आहे, कटऑफ आधी बघा.

पिट्सबर्गचं एक उदाहरण मला फार आवडतं. कार्नेगी मेलन बघायला आपली पुष्कळ कुटुंबं जातात, बालाजीचं दर्शनही घेऊन येतात. कार्नेगी मेलनला अगदी लागून पिट्सबर्ग विद्यापीठ आहे. ओळखीचं एक कुटुंब असंच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मुलाला पिटच्या बेचाळीस मजली 'कॅथीड्रल ऑफ लर्निंग'मध्ये नेलं. खालच्या गॉथिक कमानींच्या दालनात मुलं शांत बसून अभ्यास करत होती. वर वेगवेगळ्या देशांच्या नावानं सजवलेल्या वर्गखोल्या आहेत, त्यात नालंदेच्या धर्तीवर केलेली भारताची खोलीही आहे. साल्क यांनी पोलिओची लस याच विद्यापीठात तयार केली, हे तिनं त्याला तिथेच सांगितलं. मुलगा म्हणाला, "हे पण चालेल की." मग त्यानं स्वतःहून तिथल्या बायोइंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याला गाठलं आणि वीस मिनिटं बोलत राहिला. त्या आईनं वेगळं काय केलं? ज्या आदरानं आदल्या दिवशीचं कॉलेज पाहिलं, त्याच आदरानं हेही पाहिलं. फोटोसुद्धा तितकेच काढले. प्रत्येक सेफ्टी अशी बघा. मोटारीतून चक्कर मारून परत येऊ नका. तिथल्या मेसमध्ये जेवा, एखाद्या वर्गात बसू देतात का विचारा.

आणि हा आदर आपल्याला जड का जावा? आपल्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः एमएस कुठून केलं आहे? यूटी डॅलस, ॲरिझोना स्टेट, विचिटा स्टेट, टेक्सस ए अँड एम कॉमर्स. त्याच पदव्यांवर नोकऱ्या मिळाल्या, घरं झाली, ज्या शाळांच्या हद्दीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजले त्या शाळाही परवडल्या. प्लेनो-फ्रिस्कोमधल्या एखाद्या बाबांनी आपल्याच विद्यापीठाचं नाव मुलाच्या यादीत पाहून नाक मुरडावं, याचं मला मनापासून दुःख होतं. मुलानं आपल्यापेक्षा पुढे जावं ही इच्छा मी समजू शकते. पण मुलाला त्यातून ऐकू येतं ते असं, की बाबा जिथे शिकले तिथे शिकणं म्हणजे हरणं.

नावानं काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२ मधला अभ्यास बराच गाजला. सारख्याच कुवतीच्या आणि सारख्याच नामांकित कॉलेजांकडे अर्ज केलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी ताडून पाहिली. जास्त नामांकित ठिकाणी गेलेल्यांची कमाई सरासरीत वेगळी नव्हती. गरीब घरांतल्या मुलांना मात्र फायदा दिसला. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्यात भर घातली: आयव्ही आणि तत्सम कॉलेजांमुळे सरासरी कमाई फारशी हलत नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता ठळकपणे वाढते. म्हणजे वरच्या नावांसाठी प्रयत्न करायला हरकत नाही, जरूर करावा. पण ते नाव मिळालं नाही म्हणून इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक होण्याची वाट बंद होत नाही.

पैशांचं बोलणं आपल्याकडे मुलांसमोर टाळतात. कृपा करून ते टाळू नका. जे परवडत नाही ते कॉलेज, प्रवेश कितीही नक्की असला तरी, सेफ्टी नव्हे. २०११ पासून जवळपास प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारा 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवावा लागतो. अर्ज करण्याआधी त्यात आपले खरे आकडे भरा. दोघांच्या आयटीतल्या पगारावर गरजेनुसार मिळणारी मदत बहुधा मिळणार नाही. गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती मात्र मिळू शकते, आणि ती मिळते ती मुख्यतः याच खालच्या रकान्यातल्या कॉलेजांकडून, कारण त्यांना आपलं मूल हवं असतं. राज्याबाहेरच्या सरकारी विद्यापीठाचं नीट बघा. पर्ड्यूनं २०१३ पासून फी वाढवलेली नाही, तरी राज्यातल्या मुलाला वर्षाला दहा हजार डॉलर आणि बाहेरच्याला जवळपास एकोणतीस हजार पडतात, राहणं-जेवण वेगळं. कॅलिफोर्निया विद्यापीठात बाहेरच्या मुलाला वर तीस हजारांहून जास्त मोजावे लागतात.

ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या घरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मूल एच-४ वर असेल तर त्याला सरकारी मदत आणि सरकारी कर्ज मिळत नाही. खासगी कॉलेजं अनेकदा त्याला परदेशी विद्यार्थी धरतात, आणि मदत मागितली तर प्रवेशाच्या निर्णयातही ते मोजतात. वयाची एकवीस वर्षं पूर्ण होताना एच-४ संपतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षात एफ-१ वर जावं लागतं. पुष्कळ राज्यं एच-४ च्या मुलाला राज्यातलाच विद्यार्थी मानून कमी फी लावतात, पण एफ-१ झाल्यावर ती सवलत टिकते की जाते, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाकडून हे लेखी घ्या. तुमच्या घरासाठी खरी सेफ्टी कोणती, हे त्या एका पत्रावर ठरू शकतं.

कम्युनिटी कॉलेजचं नाव घेतलं की बोलणंच थांबतं, म्हणून मी ते मुद्दाम घेते. कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला काढून, ठरलेले विषय आणि गुण मिळवले, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहापैकी एका कॅम्पसवर हमीनं बदली मिळण्याची लेखी सोय आहे. काही शाखा त्यातून वगळलेल्या असतात, तेवढं आधी तपासा. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं आणि फीचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो.

राहता राहिलं घरातलं बोलणं. यादी पक्की झाली, की मुलाला एकदा विचारा, "समजा, एवढंच मिळालं, तर जाशील का?" आणि मग गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागला, किंवा 'हो' खांदे उडवून आलं, तर ते नाव काढून दुसरं शोधा. ऑक्टोबरमध्ये अजून वेळ असतो. मनासारखी सेफ्टी मिळेपर्यंत वरच्या नावांचे निबंध बाजूला ठेवले तरी चालेल. आजी-आजोबांना आणि मंडळातल्या मित्रांना मुलानं कुठे अर्ज केलाय हे सांगायचं असेल, तर पूर्ण यादी सांगा, नाहीतर काहीच सांगू नका. फक्त वरची तीन नावं सांगितली, की मार्चअखेरीला फोन यायला लागतात आणि ते मुलालाच उचलावे लागतात.

एवढं करूनही एप्रिलमध्ये हातात फक्त तेच एक नाव राहिलं, तर १ मेच्या आत तिथे डिपॉझिट भरा. वरच्या एखाद्या कॉलेजनं प्रतीक्षायादीत ठेवलं असेल तरी भरा, ती यादी हलली तर डिपॉझिट सोडून जाता येतं. वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी करा, आणि ओरिएंटेशनची मिळेल ती सर्वांत लवकरची तारीख घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी पहिल्या सत्राचे विषय त्याच दिवशी निवडायचे असतात आणि चांगल्या प्राध्यापकांचे वर्ग आधी भरतात. ऑनर्स कॉलेजची जागा अजून शिल्लक आहे का, हेही विचारून घ्या.